पुळणीवरचे पिवळे फूल आणि त्याची लागवड

मिरकरवाडा म्हटले की रत्नागिरीकरांच्या डोळ्यांपुढे होड्या उभ्या राहतात. पहाटे धक्क्याला लागणाऱ्या नौका, बर्फाच्या लाद्या फोडल्याचा आवाज, मासळीचा लिलाव, वाळत घातलेली जाळी आणि माथ्यावर घिरट्या घालणाऱ्या घारी. रत्नदुर्गाच्या डोंगराच्या आडोशाला वसलेल्या या बंदरात फुले पाहायला कोणी जात नाही, आणि धक्क्यावर ती सापडायचीही नाहीत. पण धक्का सोडून उत्तरेला मिऱ्याच्या दिशेने निघालात, की पांढऱ्या वाळूचा किनारा लागतो. या बाजूला लोक ‘पांढरा समुद्र’ म्हणतात. किल्ल्याच्या दुसऱ्या अंगाला मांडवीचा ‘काळा समुद्र’ आहे. तेथील वाळू इल्मेनाइटसारख्या जड, काळ्या खनिजांमुळे काळी दिसते. समुद्र एकच, रंग मात्र वाळूचे.

पांढऱ्या समुद्रापासून मिऱ्यापर्यंतचा किनारा गेली अनेक वर्षे समुद्र खात आला आहे. तो थोपवण्यासाठी दगडांचा बंधारा घालावा लागला. बंधाऱ्याविषयी वर्तमानपत्रांत पुष्कळ लिहून येते. आपण मात्र आज पाहणार आहोत ती एक वीतभरसुद्धा उंची नसलेली वनस्पती. ती लाटा अडवत नाही. तेवढी ताकद तिच्यात नाही. ती वाळू अडवते. या दोन गोष्टींत काय फरक आहे, हे समजण्यासाठीच तिची लागवड स्वतः करून पाहावी असे मला वाटते.

कोकणातल्या कोणत्याही मोकळ्या पुळणीवर, भरतीच्या रेषेच्या वर, जिथे वाळू कोरडी आणि भुसभुशीत असते तिथे सकाळच्या वेळी बारकाईने पाहा. वाळूला चिकटून बसलेला पानांचा एक झुबका दिसेल. पाने जाडसर, कडा खोल कातरलेल्या. झुबक्यातून सुतळीसारखे एक बारीक खोड निघते आणि वाळूवरून सरपटत हातभर पुढे जाते. त्याच्या पेऱ्यावर दुसरा झुबका, तिथून खाली मुळे, पुढे पुन्हा खोड आणि पुन्हा झुबका. वरून पाहिले तर कोणीतरी दोरीत फुलोरे ओवून वाळूवर टाकल्यासारखे वाटते. पावसाळा सरल्यापासून उन्हाळ्यापर्यंत या झुबक्यांत पिवळीधमक फुले येतात, साधारण रुपयाच्या नाण्याएवढी. सकाळी उमलतात आणि ऊन चढले की मिटतात. म्हणूनच दुपारी किनाऱ्यावर फिरायला जाणाऱ्यांनी हे फूल कधी पाहिलेलेच नसते.

हिचे शास्त्रीय नाव लॉनिया सार्मेंटोझा. लॅटिनमध्ये सार्मेंटम म्हणजे बारीक फांदी किंवा धावता फुटवा; तेव्हा नावातच तिची चाल सांगितली आहे. देशावरच्या शेतांतून आणि वाटांच्या कडेला उगवणारी, जिची भाजी करतात ती पाथरी हिची सख्खी बहीण. जुन्या ग्रंथांतून या किनाऱ्यावरच्या जातीलाही पाथरीच म्हटले आहे. घोटाळा नको म्हणून या लेखापुरते आपण तिला ‘किनारपाथरी’ म्हणू. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात ती आहे. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून मादागास्कर, भारत, श्रीलंका, मालदीव ते थेट व्हिएतनामपर्यंत ती पसरली आहे. एकूण ती हिंदी महासागराच्या काठची रहिवासी आहे.

आता फूल हातात घ्या. ‘एक फूल’ असे आपण म्हणतो खरे, पण ते फूल नव्हे. सूर्यफूल, झेंडू, शेवंती यांच्या कुलातली ही वनस्पती असल्याने, देठावर जे दिसते तो अनेक लहान फुलांचा मेळा असतो. त्याला स्तबक म्हणतात आणि त्यातल्या प्रत्येक लहान फुलाला पुष्पक. सूर्यफुलात पुष्पके दोन तऱ्हेची असतात: मधल्या तबकडीतली नळीसारखी बिंबपुष्पके आणि कडेची जिभेसारखी किरणपुष्पके. किनारपाथरीत मात्र सगळीच्या सगळी पुष्पके जिभेसारखी. मधली तबकडी नाहीच. एक पुष्पक चिमट्याने उपटून भिंगाखाली धरा. पिवळ्या जिभेच्या टोकाला पाच दाते दिसतील. पाच पाकळ्या जोडल्या जाऊन ही जीभ झाली, त्याची ती खूण. पुष्पकाच्या बुडाशी पांढऱ्या रेशमी केसांचा जुडगा असतो. पुढे फळ पिकले की हेच केस छत्रीसारखे पसरतात आणि फळ वाऱ्यावर निघते. फळ म्हणजे आपल्याला ‘बी’ वाटते तेच. एका फळात एकच बी.

पान मोडा. पांढरा चीक येईल. पाच दात्यांची जीभ आणि हा चीक, या दोन खुणा एका मोठ्या घराण्याच्या आहेत. लेट्यूसची पाने, कॉफीत मिसळतात ती चिकोरी आणि युरोपातले डँडेलियन ही सारी त्याच घराण्यातली. या चिकात थोडेफार रबरही असते. १९३० नंतरच्या दशकात सोव्हिएत संघात कझाकस्तानच्या डोंगरांत डँडेलियनची अशी एक जात मिळाली की तिच्या मुळांतून उपयोगी पडण्याइतके रबर निघे, आणि दुसऱ्या महायुद्धात रबराचा तुटवडा पडल्यावर तिची शेती करण्यात आली. पिवळ्या फुलाच्या एका बारमाही रोपावर मोटारीचे टायर अवलंबून राहावेत, ही गंमत खरीच! आपल्या किनारपाथरीकडून मात्र तशी अपेक्षा नको.

तिचे खरे काम वेगळे आहे, आणि ते समजायला आधी वाळू समजली पाहिजे.

किनाऱ्यावर वारा सुटला की वाळूचे कण धुळीसारखे उंच उडत नाहीत. ते जमिनीलगत उड्या मारत जातात. एक कण उडी मारतो, पडताना दुसऱ्याला धक्का देतो, तो उडतो. पायांच्या घोट्याला टोचतात ते हेच कण. राल्फ बॅग्नोल्ड या इंग्रज सैनिकी इंजिनिअरने ईजिप्त-लिबियाच्या वाळवंटात भटकून आणि नंतर प्रयोगशाळेत वाऱ्याचा बोगदा बांधून याचा अभ्यास केला आणि १९४१ साली त्यावर ग्रंथ लिहिला. त्याला असे आढळले की, एका ठरावीक वेगाच्या खाली वाळू हलतच नाही. एकदा हलू लागली की वाहून जाणारी वाळू वाऱ्याच्या जोराच्या घनाच्या प्रमाणात वाढते. घन म्हणजे काय ते तुम्ही शिकला आहात. वारा दुप्पट झाला तर वाळू दुप्पट नव्हे, आठपट जाते. उलट जमिनीलगतचा वारा निम्मा केला तर वाळू एक-अष्टमांशावर येते. आणि जमिनीलगतचा वारा निम्मा करायला झाडच लागते असे नाही. बोटभर उंचीचा पानांचा झुबकाही ते काम आपल्यापुरते करतो. त्याच्या आडोशाला उड्या मारणारे कण थांबतात आणि तिथे वाळूची लहानशी ढिगोळी होते.

आता प्रश्न असा, की त्या ढिगोळीखाली झुबका स्वतःच पुरला जाणार नाही का? कुंडीतला झेंडू असा पुरला तर कुजेल. किनारपाथरीचे खोड मात्र पेऱ्यापेऱ्याला मुळे सोडणारे आहे. वाळूचा थर चढला की ते वरच्या थरात नवा झुबका आणि नवी मुळे काढते. वाळू पुन्हा चढते, ती पुन्हा वर येते. मर्यादवेल आणि काटेरी गोल डोक्यांची रावणाची मिशी या तिच्या शेजाऱ्यांचाही हाच बाणा आहे. जाड, लांब वेलींचे मोठे काम मर्यादवेल करते आणि वेलींमधल्या मोकळ्या जागा किनारपाथरी शिवत जाते. अशा रीतीने वर्षानुवर्षे वाळूचा उंचवटा तयार होतो. पावसाळ्यात उधाणाच्या लाटा आल्या की त्या या उंचवट्यातली वाळू ओढून नेतात आणि पुढे उथळ पाण्यात तिचा बांध घालतात. मग पुढच्या लाटा त्या बांधावरच फुटतात. ऑक्टोबरनंतर समुद्र शांत झाला की बरीचशी वाळू परत किनाऱ्यावर येते आणि वारा ती पुन्हा रोपांच्या हवाली करतो. उंचवटा ही किनाऱ्याची शिल्लक आहे म्हणा. अडीअडचणीला काढायची आणि सुगीत भरायची. भरणारी रोपेच नसतील तर खात्यात नुसती खर्चाची बाजू राहते.

अर्थात जिथे बंदरांच्या भिंती, वाळूउपसा किंवा समुद्राचे बदललेले प्रवाह यांमुळे वाळू येण्याची वाटच तुटली आहे, तिथे नुसती रोपे लावून किनारा वाचणार नाही. हे आधीच सांगून ठेवलेले बरे. वनस्पतीला तिच्या कुवतीबाहेरचे श्रेय दिले की लोक एक पावसाळा वाट पाहतात आणि मग तिला निरुपयोगी ठरवून मोकळे होतात.

दुसरा प्रश्न पाण्याचा. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. बटाट्याच्या सारख्या लांबीच्या चार पट्ट्या कापा. दोन साध्या पाण्यात आणि दोन ३५ ग्रॅम मीठ घातलेल्या एक लिटर पाण्यात दोन तास ठेवा. मिठाच्या पाण्यातल्या पट्ट्या लिबलिबीत होतील, कारण पेशींतले पाणी तर्षणामुळे बाहेर ओढले गेले. मग किनारपाथरी जगते कशी? तिच्या मुळांना समुद्राचे पाणी लागतच नाही, हे त्याचे उत्तर. भर उन्हात पुळणीवर हाताने खड्डा करा. वरची वाळू चटका देणारी, कोरडी ठणठणीत. वीतभर खाली गेलात की वाळू गार आणि ओलसर लागते. ही ओल पावसाच्या पाण्याची आहे. वरचा कोरडा थर जाड दाण्यांचा असल्याने खालचे पाणी केशाकर्षणाने त्यातून वर चढू शकत नाही. तो थर झाकणाचे काम करतो. किनारपाथरीचे सोटमूळ या झाकणाखाली पोचलेले असते.

त्याही खाली काय असते? गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगते. गोड्या पाण्याची घनता १.००० आणि समुद्राच्या पाण्याची १.०२५ धरली, तर वाळूतली गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक मीटर वर असेल तिथे खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडे पाणी असू शकते. १ भागिले ०.०२५, उत्तर ४०. हा हिशोब हॉलंडच्या बॅडोन घायबेन याने १८८८-८९ च्या सुमारास आणि जर्मनीच्या हर्झबर्गने १९०१ मध्ये स्वतंत्रपणे मांडला. तो आदर्श परिस्थितीचा आहे. अरुंद वाळूच्या पट्ट्यात प्रत्यक्षात इतके पाणी नसते. पण समुद्रापासून हाकेच्या अंतरावरच्या विहिरीला गोडे पाणी का असते आणि उपसा फार झाला की ती खारी का होते, याचा उलगडा त्यातून होतो. वरची पातळी एक हात उतरली तर खालचे खारे पाणी चाळीस हात वर सरकू पाहते!

खाऱ्या वाऱ्याचा मारा मात्र पानांना चुकवता येत नाही. लाट फुटली की सूक्ष्म थेंब उडतात, त्यांतले पाणी वाळते आणि पानांवर मीठ बसते. किनारपाथरीची पाने जाडसर असल्याने आणि वाळूला चिकटून असल्याने तिला हा मारा कमी बसतो. उंच वाढणे या जागी शहाणपणाचे नाही, हे तिच्याकडे पाहून कळते.

आता लागवड. येथे मी माझी फजिती सांगतो, कारण त्यातून तुमचा एक पावसाळा वाचेल. पहिल्या वेळी मी किनारपाथरीचे तुकडे आणले ते अगदी मायेने लावले. कुंडीत तांबडी माती, चांगले कुजलेले शेणखत, रोज सकाळ-संध्याकाळ पाणी. आठवडाभर पाने हिरवीगार राहिली. जुलैच्या झडीत एका सकाळी झुबका हातात घेतला तर तो मुळापासून सुटूनच आला. खाली सगळे काळे पडून कुजले होते. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण पुळणीवर तो पडतो आणि पडताच खाली जातो. दाण्यांमधल्या पोकळ्यांत लगेच हवा येते. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते हे मी वर्गात शिकवत आलो होतो. माझ्या कुंडीत मात्र पाणीच पाणी होते.

तेव्हा असे करा. मातीच्या तीन कुंड्या घ्या. नसल्यास रंगाचे रिकामे पत्र्याचे डबे चालतील, पण आतून स्वच्छ घासलेले आणि बुडाला चार-पाच भोके पाडलेले. तळाशी खापऱ्यांचे तुकडे. पहिल्या कुंडीत नुसती वाळू भरा, दुसरीत तीन भाग वाळू आणि एक भाग पालापाचोळ्याचे खत, तिसरीत बागेतली माती आणि खत. वाळू गोड्या पाण्याने धुऊन घ्या. ती धुऊन झाली की नाही हे कसे कळणार? शेवटचे धुवण परीक्षानळीत घेऊन शिक्षकांच्या देखरेखीखाली त्यात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचे दोन थेंब टाका. पांढरा साका आला तर क्लोराइड अजून आहे, पुन्हा धुवा. नळाच्या पाण्यातही थोडे क्लोराइड असू शकते, म्हणून तुलनेसाठी नुसत्या नळाच्या पाण्याचीही परीक्षा करा.

तुकडे जूनच्या अखेरीस घ्यावेत. जून आणि जुलैमध्ये किनाऱ्यावर मासेमारीला बंदी असते, मिरकरवाड्याच्या नौका बंदरात विसावलेल्या असतात. तुम्हाला माहिती द्यायला घरच्या काका-मामांनाही वेळ असतो. वाळूवरचे सरपटते खोड दोन किंवा तीन पेऱ्यांसह कात्रीने कापावे. मूळ झुबका कधीही उपटू नये. एका रोपावरून एकच तुकडा घ्यावा. वाळूचे उंचवटे किनारपट्टीच्या नियमांनी संरक्षित आहेत, म्हणून शाळेतर्फे काम करायचे तर स्थानिक ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेला विचारूनच करावे. पावसाळ्यात लाटांजवळ जाण्याचे कारण नाही. ही वनस्पती असतेच वरच्या बाजूला. तुकडे ओल्या फडक्यात गुंडाळून आणा आणि त्याच दिवशी लावा.

लावताना तुकडा उभा रोवू नका. वाळूवर आडवा ठेवा, पेऱ्याजवळ तारेचा केसांच्या आकड्यासारखा वाकवलेला तुकडा खोचून पेरे वाळूला टेकवा आणि त्यावर बोटाच्या पेराएवढीच वाळू घाला. पानांचा झुबका उघडा राहिला पाहिजे. पहिले दहा-बारा दिवस कुंडी पडवीत, उजेडात पण थेट पावसापासून आडोशाला ठेवा आणि वाळू ओलसर राहील इतपतच पाणी द्या. नवे पान दिसले की मुळे धरली असे समजा आणि कुंडी उघड्यावर, पूर्ण उन्हाच्या जागी हलवा. दर रविवारी प्रत्येक कुंडीतले झुबके मोजून वहीत तारखेनिशी लिहा.

बियांपासूनही रोपे करता येतात. मात्र फळे ताजी हवीत. छत्री उघडली आहे पण फळ अजून सुटलेले नाही, अशा वेळी ती काढावीत, केस कात्रीने कापून टाकावेत आणि बशीतल्या ओल्या वाळूवर वीस फळे नुसती दाबून ठेवावीत. किती उगवली आणि कितव्या दिवशी, ते मोजावे. तुकड्यांनी केलेली रोपे मूळ रोपाची हुबेहूब प्रत असतात. बियांची तशी नसतात. सगळी पुळण एकाच रोपाच्या तुकड्यांनी भरली तर एखादा रोग साऱ्यांना सारखाच गाठेल, म्हणून दोन्ही रीती हव्यात.

रोपवाटिकेत मागाल तर हे रोप बहुधा मिळणार नाही. मिळेल ते दुसरेच: ‘वेडेलिया’. बंगल्यांच्या कुंपणाला, हॉटेलांच्या उतारावर, रस्त्याच्या दुभाजकात हिरवीगार जाड चटई आणि वर पिवळी फुले दिसतात ती ही. तीही बारमाही, तीही सूर्यफुलाच्या कुलातली, तीही पेऱ्यापेऱ्याला मुळे सोडणारी. म्हणूनच किनाऱ्यावर लावायला ती सोयीची वाटते. पण ती मूळची मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांकडची. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जातींची जी यादी निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघाने प्रसिद्ध केली आहे तीत तिचे नाव आहे. पॅसिफिकमधील बेटांवर आणि ऑस्ट्रेलियात ती बागेतून निसटली आणि इतर रोपांना जागाच ठेवीना. ओळखणे अवघड नाही: पान मोडल्यावर पांढरा चीक येत नाही, आणि फुलात मधली तबकडी व कडेची किरणपुष्पके अशी दोन्ही असतात.

वेडेलियाची एक जवळची नातलग मात्र आपली स्वतःची आहे. तो पिवळा माका किंवा पिवळा भांगरा, ओलसर जागी वाढणारा. त्याच्यापासून मिळालेल्या वेडेलोलॅक्टोन या द्रव्याची रचना मद्रासच्या टी. आर. गोविंदाचारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केली. दक्षिण चीनमध्ये परकी वेडेलिया आणि हा देशी माका यांचा संकर झालेला आढळला आहे. म्हणजे परके रोप नुसती जागा घेत नाही. कधी कधी देशी रोपाच्या वंशातही शिरते. सुरूचेही थोडे असेच आहे. भाट्ये येथील सुरूचे बन पाहायला छान आहे, सावलीही देते, पण त्याच्या सुयांच्या जाड थराखाली वाळूवरच्या लहान वनस्पती फारशा वाढत नाहीत. एकदा जाऊन बनातली आणि बनाबाहेरची रोपे मोजून पाहा.

मालदीवमध्ये किनारपाथरीची कोवळी पाने बारीक चिरून, किसलेले खोबरे आणि सुका मासा घालून रोजच्या जेवणात खातात आणि त्यासाठी ती परसात लावतात; व्हिएतनाममध्येही तिची भाजी होते. चव लेट्यूससारखी किंचित कडवट. खोबरे आणि मासा या दोन्हींना आपल्याकडे तोटा नाही, तेव्हा हे वाचून मिरकरवाड्याच्या घराघरांत प्रयोग सुरू होतील अशी मला भीती वाटते! बंदरालगतच्या किनाऱ्यावरची पाने मात्र खाऊ नका. तिथे डिझेल, तेलकट पाणी आणि सांडपाणी वाळूत मुरलेले असते. खायचीच तर स्वच्छ वाळूच्या कुंडीतली, आणि तीही वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांनी रोप ओळखून दिल्यावर.

कुंडीतली रोपे पुळणीवर कधी न्यावीत? जूनमध्ये नेली तर पहिल्या उधाणात जातील. जानेवारीत नेली तर पाण्यावाचून वाळतील. सप्टेंबर हा मधला काळ बरा: लाटांचा जोर ओसरत आलेला असतो, वाळू खोलवर भिजलेली असते आणि पुढे वाळू परत येण्याचे दिवस सुरू होणार असतात. उधाणाच्या भरतीची सर्वांत वरची रेषा वाळलेल्या काटक्यांवरून, शिंपल्यांवरून ओळखता येते. तिच्या पुरेसे वर, गुरे-बकऱ्यांच्या आणि माणसांच्या पायवाटा टाळून, एक-एक फुटावर रोपे लावावीत. ओळी सरळ न ठेवता आडव्यातिडव्या ठेवाव्यात, नाहीतर दोन ओळींमधून वाऱ्याला आयताच रस्ता मिळतो. पहिले पंधरा दिवस सायंकाळी थोडे पाणी द्यावे.

शेवटी एक मोजमाप सांगतो. लावलेल्या चौकोनात एक आणि दहा पावलांवर उघड्या वाळूत एक, अशा दोन बांबूच्या काठ्या खोल रोवा. प्रत्येकीवर वाळूच्या पातळीला रंगाची रेघ मारा. कुंड्यांतल्या दोन रोपांवरही असाच प्रयोग करा: एकावर दोन सेंटिमीटर वाळू घाला, दुसऱ्यावर चार, आणि कोणते कितव्या दिवशी वर येते ते पाहा. ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत दर पौर्णिमेला किनाऱ्यावरच्या दोन्ही काठ्यांजवळची वाळू रेघेच्या किती वर आली किंवा किती खाली गेली ते मिलिमीटरमध्ये लिहा, आणि आठ महिन्यांचे दोन आलेख एकाच कागदावर काढा.